गाडीवर लेकरू बसवताना: हाताची पकड किती पुरते आणि कायदा काय सांगतो

दारव्ह्याहून आमच्या गावाकडे येताना शेवटचे चार किलोमीटर रस्ता तुरीच्या वावरांमधून जातो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरातली संध्याकाळ, सूर्य नुकताच बुडालेला. नवरा गाडी चालवत होता, मी मागे, आणि अडीच वर्षांची मुलगी टाकीवर, दोन्ही हात आरशांच्या दांड्यांना धरून. ती तशी नेहमीच बसायची. तिला समोरचं दिसायचं, आणि आम्हाला वाटायचं की बापाच्या दोन हातांच्या मध्ये आहे म्हणजे लेकरू सुरक्षित आहे.

डाव्या बाजूच्या तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, निघाला. नवऱ्याने ब्रेक दाबला. गाडी पडली नाही, रोहीला लागलीही नाही. पण मुलीची हनुवटी स्पीडोमीटरच्या काचेवर आपटली. चार टाके पडले. जखम भरली, खूण राहिली. त्या वेळी गाडीचा वेग पस्तीसच्या वर नव्हता.

त्या रात्रीपासून मला एकच प्रश्न पडला होता: गाडी पडली नाही, कोणाला धडकली नाही, तरी लेकराला का लागलं? मग मी वाचत गेले, विचारत गेले. नियम काय आहेत ते शोधलं. आता जून महिना संपत आलाय, उन्हामुळे उशिरा उघडणाऱ्या आपल्या विदर्भातल्या शाळा आणि अंगणवाड्या सुरू होतायत, आणि रोज सकाळी रस्त्यावर तेच दिसतं: टाकीवर एक, मध्ये एक, मागे आई, तिच्या मांडीवर आणखी एक. म्हणून हे लिहिते आहे.

गाडी थांबते, लेकरू थांबत नाही

एसटीत उभं असताना ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे जातो. कोणी ढकललेलं नसतं. बस थांबलेली असते, आपलं अंग मात्र बसच्याच आधीच्या वेगाने चाललेलं असतं. दांडा धरलेला असेल तर हाताला झटका बसतो, नसेल तर पुढच्या माणसाच्या पाठीवर.

मोटरसायकलवर तेच होतं, फक्त समोर मऊ पाठ नसते. टाकीवरच्या लेकरासमोर काच, हँडल आणि आरशाची दांडी असते.

साध्या ब्रेकमध्ये, म्हणजे रस्त्यात कुत्रं आलं म्हणून जोरात दाबलेल्या ब्रेकमध्ये, बारा किलोच्या लेकराला पुढे सात-आठ किलोचा जोर लागतो. मोठा माणूस सावध असेल तर तेवढं धरू शकतो. लेकरू सावध नसतं. ते आभाळाकडे बघत असतं, नाहीतर पेंगत असतं.

धडकेचा हिशोब वेगळाच आहे. ताशी चाळीसच्या वेगातली गाडी समोरच्या वस्तूवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या क्षणी बारा किलोचं लेकरू हातांना सव्वा क्विंटलहून जड होतं. सोयाबीनचे भरलेले दोन कट्टे चालत्या ट्रॉलीतून तुमच्याकडे फेकले आणि कोणी म्हणालं "धर", तर धराल का? आईची माया कितीही असो, तिच्या दंडात एवढी ताकद नसते. कोणाच्याच नसते. "मी घट्ट धरलं होतं" हे वाक्य मी दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतः म्हटलेलं आहे, आणि मी तर त्या वेळी तिला धरू शकेन अशा जागीही नव्हते.

वेगाची आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. ताशी चाळीसने भिंतीवर सरळ आदळणं म्हणजे साधारण सव्वासहा मीटर उंचीवरून खाली पडणं. खाली-वर अशा दोन मजल्यांच्या घराची गच्ची धरा. साठचा वेग म्हणजे चौदा मीटर, चार मजली इमारत. वेग दीडपट झाला, उंची सव्वादोन पट झाली. गच्चीला कठडा नसेल तर आपण लेकराला तिथे एकटं सोडत नाही. गाडीवर मात्र साठच्या काट्याकडे आपलं लक्षही जात नाही.

गाडी थांबायला लागणारं अंतरही असंच वाढतं. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो. तो धरून, कोरड्या डांबरी रस्त्यावर चाळीसने जाणारी गाडी अंदाजे तीस मीटरमध्ये थांबते, साठने जाणारी पन्नासच्या वर घेते. मुरूम पसरलेल्या वळणावर किंवा रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून जाताना हे आकडे विसरून जा, तिथे याहून जास्तच अंतर लागतं.

लेकराचं डोकं आपल्यासारखं नसतं

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढं असतं. मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या भागाएवढं. म्हणजे लहान लेकराचं वजन वरच्या बाजूला जास्त, आणि ते जड डोकं तोलणारी मान मात्र अजून कच्ची. म्हणून लेकरू पडतं तेव्हा बहुतेक डोक्यावर पडतं.

कवटीच्या आत मेंदू काही घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात असतो. मडक्यात दही लावलेलं असावं आणि मडकं धावता-धावता दाराच्या चौकटीला आपटावं, तसं. मडकं कदाचित फुटणार नाही, आतलं दही मात्र मोडतं. बाहेर जखम दिसत नाही म्हणून आत काही झालं नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळे. बाळाच्या डोक्यावरची टाळू भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर तिथे हाडाचं कवचही पूर्ण नसतं.

टाकीवर का नको

"समोर असलं की नजरेत असतं." हे मी शंभर वेळा ऐकलं, आणि स्वतःही म्हटलं आहे. नजरेत असतं, खरं आहे. पण गाडी आदळली तर चालवणाऱ्याचं साठ-सत्तर किलोचं अंग पुढे जातं, आणि त्या अंगाच्या व हँडलच्या मध्ये लेकरू असतं. तिथे ते बापाच्या आडोशाला नसतं, बापाच्या वजनाखाली असतं.

शिवाय उजव्या मुठीत अॅक्सिलेटर असतो. लेकराने तोल जाताना पहिली जी गोष्ट सापडली ती धरली आणि ती उजवी मूठ निघाली, तर गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उडी मारते. हँडल पूर्ण वळवायचं असेल तेव्हा लेकराचा गुडघा मध्ये येतो. खड्डा चुकवताना नेमकं तेव्हाच हँडल पूर्ण वळवावं लागतं. संध्याकाळी किडे थेट डोळ्यात जातात. आणि झोप! गाडीच्या हेलकाव्याने लेकरू दहा मिनिटांत झोपतं, मान पुढे पडते, मग चालवणारा एका हाताने त्याला सावरत एका हाताने गाडी चालवतो. कारंज्याच्या बाजाराहून परतताना हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही असा माणूस आपल्या भागात सापडणार नाही.

स्कूटीच्या समोरच्या मोकळ्या जागेत लेकराला उभं करणंही असंच. त्याची छाती हँडलच्या खालच्या भागाला आणि हनुवटी वरच्या भागाला येते.

कायदा नेमकं काय सांगतो

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे. चालवणारा असो की मागे बसलेला, फरक नाही. चार वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी वेगळे नियम करता येतील, असंही त्याच कलमात म्हटलं होतं. ते नियम केंद्र सरकारने 15 फेब्रुवारी 2022 ला जाहीर केले आणि ते एका वर्षाने, फेब्रुवारी 2023 पासून लागू झाले.

त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, हार्नेस. हा शब्द एकदा समजून घेऊ. हार्नेस म्हणजे लेकराला घालायची एक बंडी. तिला पट्टे असतात, आणि ते पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकवायचे. त्यामुळे लेकराचं धड चालवणाऱ्याशी बांधलेलं राहतं, लेकरू मात्र सीटवरच बसलेलं असतं. नियमाप्रमाणे ही बंडी हलकी हवी, लहान-मोठी करता यावी, पाण्याने खराब होऊ नये, आत फोमची गादी असावी आणि तीस किलो वजन पेलता यावं. यापुढे मी तिला बंडीच म्हणते.

दुसरी, हेल्मेट. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट हवं. चांगल्या मानकाचं सायकलचं हेल्मेटही चालतं.

तिसरी, वेग. असं लेकरू गाडीवर असेल तर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही.

हेल्मेटचं कलम किंवा त्याखालचे नियम मोडले तर केंद्राच्या कायद्यात हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन्स रद्द होऊ शकतं. दंडाचं मी एवढंच सांगते. आमच्या चार किलोमीटरच्या रस्त्यावर पोलीस उभा नसतो, आणि रोहीला चालान माहीत नाही.

मग नवरा, बायको, लेकरू ही ट्रिपल सीट झाली का

झाली. या प्रश्नाचं उत्तर लोक टाळतात, म्हणून सरळ लिहिते. कलम 128 सांगतं की दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. त्यात वयाची सूट नाही. दोन वर्षांचं लेकरूही त्यात माणूसच मोजलं जातं. केरळमध्ये रस्त्यांवर नवे कॅमेरे बसले तेव्हा, 2023 मध्ये, यावरून मोठी ओरड झाली आणि तिथल्या सरकारने लेकरांपुरती सूट द्यावी म्हणून केंद्राकडे मागणीही केली. कलम तेच राहिलं.

वाचणाऱ्या बाईच्या मनात आता जे येत असेल ते माझ्याही मनात आलं होतं: म्हणजे लेकराला गाडीवर न्यायचं तर आईने घरी राहायचं? लेकराला कोण बघेल? आणि कार तर आपल्याकडे नाही.

हा प्रश्न खोटा नाही. नियम करणाऱ्याने एक चालवणारा आणि त्याला बांधलेलं एक लेकरू असं चित्र धरलं आहे. आपल्या गावातलं चित्र वेगळं आहे, आणि त्याचं ओझं गरीब कुटुंबावर येतं, हे मी मान्य करते. पण गाडीला आपली परिस्थिती कळत नाही. दोन माणसांसाठी केलेल्या गाडीवर साडेतीन माणसं बसली की मागचं चाक दबतं, पुढचं हलकं होतं, पुढच्या चाकाची वळणावरची पकड सुटते, हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर जातो. मागची बाई सीटच्या टोकाला आणि पाय ठेवायला जागा नाही. अशा वेळी मध्ये दाबून बसलेलं लेकरू सुरक्षित वाटतं, कारण त्याला हलायला जागा नसते. पण त्याला बांधलेलं नसतं, त्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, आणि कित्येकदा त्याचं नाक पुढच्याच्या शर्टात रुतलेलं असतं.

आमच्या घरी आम्ही जे ठरवलं ते सांगते. गावातल्या गावात किंवा शेतात जायचं तर गाडीवर दोघंच, चालवणारा आणि बांधलेलं लेकरू. तालुक्याला किंवा लग्नाला जायचं तर मी आणि लेकरू एसटीने, नवरा गाडीने. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. पेट्रोलचा हिशोब धरला तर फरक फार उरत नाही. बस सकाळची चुकली तर काळी-पिवळी, तीही माणसं मोजून भरली असेल तर. दर वेळी हे जमत नाही. लग्नसराईत बसला पाय ठेवायला जागा नसते, हेही मला माहीत आहे. पण "नेहमी गाडीनेच" वरून आम्ही "नाइलाज असेल तर गाडीने" वर आलो, एवढं झालं.

ओढणीने बांधलं तर

ओढणी ही आपल्याकडची सगळ्यात जुनी बंडी. निंदायला जाताना आजी लेकराला पाठीशी लुगड्याने बांधायची, म्हणून ते आपल्याला पक्कं वाटतं. पायी चालताना ते पक्कं असतंच. गाडीवर मात्र तीन गोष्टी बदलतात. हादऱ्यांनी गाठ सैल होत जाते आणि पाठीमागचं आपल्याला दिसत नाही. लेकरू झोपून खाली सरकलं की ओढणी छातीवरून गळ्याकडे चढते. आणि लोंबणारं टोक चाकात किंवा चेनमध्ये गेलं की ओढणीच ओढून पाडते. मागे बसणाऱ्या बाईचा पदरही यासाठीच खोचलेला हवा.

बंडीत भार खांदे, छाती आणि मांड्यांवर वाटला जातो आणि बकल एका दाबात सुटतं. विकत घेताना बकल दहा वेळा लावून-काढून बघा, पट्टा हाताने जोरात ओढून शिवण बघा, आणि लेकराला घालून बंडी आणि छाती यांमध्ये दोन बोटंच जातात ना ते बघा.

आक्षेप येतो: बांधलं आणि गाडी पडली तर लेकरू आमच्यासोबत फरफटेल. न बांधलेलं निदान बाजूला तरी फेकलं जाईल. या भीतीला मी हसणार नाही, मलाही ती वाटली होती. पण "बाजूला फेकलं जाणं" म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. बाजूला म्हणजे बहुतेक वेळा डांबर, दगड, किंवा मागून येणारा ट्रॅक्टर. बंडी ट्रकच्या धडकेतून वाचवणारं यंत्र नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिचं खरं काम रोजचं आहे: खड्ड्यात उडालेलं लेकरू सीटवर परत येतं, झोपलेलं लेकरू बाजूला कलत नाही, अचानक ब्रेकला ते पुढे जात नाही. आमच्या त्या संध्याकाळी मुलगी मागे, बापाच्या पाठीशी बांधलेली असती तर तिचं कपाळ त्याच्या पाठीवर टेकलं असतं.

हेल्मेट: संत्र्याच्या पेटीतलं तणस

वरुड-मोर्शीची संत्री पेटीत भरताना आत तणस किंवा कागद घालतात. पेटी ट्रकमध्ये आदळली की तणस दबतं आणि संत्रं वाचतं. हेल्मेटचं वरचं कडक कवच म्हणजे पेटी, आणि आतला थर्माकोलसारखा फोम म्हणजे तणस. आपटल्यावर तो चिरडला जातो, आणि त्याच्या चिरडण्यात धक्क्याचा जोर संपतो. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद झालं. आणि म्हणून आत फोम नसलेली टोपी, क्रिकेटचं हेल्मेट किंवा बांधकामावरचं पिवळं हेल्मेट यांचा इथे उपयोग नाही.

हेल्मेट घातल्याने डोक्याला दुखापत होण्याची शक्यता साधारण 69 टक्क्यांनी आणि जिवाचा धोका साधारण 42 टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब सांगतो. आपल्या देशात 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 50,029 हेल्मेट नसलेली होती, आणि त्यातली 14,337 चालवत नव्हती, मागे बसलेली होती. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागत नाही हा समज किती जीव घेतो ते यात दिसतं.

लेकराच्या हेल्मेटात सगळ्यात महत्त्वाचं माप. भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फीत फिरवा. वर्षाच्या लेकराचं ते सेहेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरतं, चार वर्षांच्याचं पन्नासच्या आसपास, मोठ्या माणसाचं छप्पन-अठ्ठावन्न. म्हणजे बापाचं हेल्मेट लेकराला घालणं हे बादली घालण्यासारखं आहे: आपटायच्या क्षणी ते डोक्यावर राहतच नाही, आणि राहिलं तर वजनाने मान ओढतं. "वाढत्या अंगाचं" घ्यायची सवय कपड्यांसाठी ठेवा.

यवतमाळला दुकानात आम्ही मुलीला चार हेल्मेटं घालून बघितली. पट्टा लावून तिला "नाही, नाही" अशी मान हलवायला सांगितलं. पहिल्या तिन्हींत तिचं डोकं फिरलं आणि हेल्मेट जागेवरच राहिलं, एकदा तर ती कानाच्या बाजूने बाहेर बघत होती. चौथ्यात डोक्यासोबत हेल्मेट फिरलं, कपाळाची कातडीही जराशी ओढली गेली. तेच घेतलं. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जावं, मूठ नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट लेकराच्या आधी रस्त्यावर पोचतं.

चार वर्षांवरच्या मुलाला आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्या. जून 2021 पासून देशात दुचाकीचं हेल्मेट त्या मार्काशिवाय विकायला परवानगी नाही, तरी रस्त्याकडेला चटईवर विकतातच. नुसता स्टिकर बघू नका, आत बोटाने दाबून फोम आहे का ते बघा.

"इतक्या उन्हात हेल्मेट?"

विदर्भातला मे महिना मला कोणी समजावू नये. चंद्रपूरकडे पारा सत्तेचाळीसपर्यंत गेलेला आपण बघतो. त्या उन्हात लेकराच्या डोक्यावर हेल्मेट ठेवणं क्रूर वाटतं, आणि दुपारी बारा वाजता ते क्रूरच आहे. पण मग दुपारी बारा वाजता लेकराला उघड्या डोक्यानेही गाडीवर नेऊ नये. अंगावर लू, खाली तापलेलं रेक्झिन. हेल्मेटपेक्षा वेळ चुकीची आहे.

दहाच्या आत निघा, पाचनंतर परता. आत पातळ सुती दुपट्टा एक पदर, जाड घड्या नाहीत, कारण घड्या केल्या की माप बिघडतं. वाटेत सावली बघून थांबा, पाणी पाजा. सायकलच्या हेल्मेटला हवेची छिद्रं असतात, लहान लेकरांना ते सोपं जातं. थंडीतली गोष्ट उलट आहे. कापसाच्या दिवसांत सहा वाजताच अंधार पडतो, बैलगाडीला मागे दिवा नसतो, रोही आणि रानडुकरं याच वेळी निघतात. तेव्हा लेकरासोबत अंधाराच्या आत घरी. आणि पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर आहे की गुडघाभर याचा वाद घालू नका. लेकरू सोबत असताना अलीकडेच थांबा.

"अवं, पाचच किलोमीटर तं आहे. काय होते?"

हे माझ्या सासूबाईंचं वाक्य. प्रेमाने म्हणतात. पण वर बघा, आमचं झालं ते शेवटच्या चार किलोमीटरमध्ये. घराजवळचा रस्ता ओळखीचा असतो म्हणून आपण तिथे सैल होतो, आणि जनावर, मुरूम, नाली फोडून रस्त्यावर आलेलं पाणी हे सगळं तिथेच असतं.

"आमच्या लहानपणी आम्ही असेच हिंडलो, काय झालं?" हेही ऐकायला मिळतं. ज्यांना काही झालं ते आज हे वाक्य बोलायला नाहीत. आणि तेव्हा गावात गाड्या दोन होत्या, रस्ता खडीचा होता, वेग पंचवीस-तीसचा. आज दारोदारी दीडशे सीसी आणि गुळगुळीत डांबर आहे.

पाय टेकले की मूल मोठं झालं

चार वर्षं पूर्ण झाली म्हणजे एका दिवसात सगळं बदलत नाही. फिलिपिन्समध्ये, जिथे आपल्यासारखीच घरोघरी मोटरसायकल आहे, 2015 च्या कायद्याने वर्दळीच्या आणि वेगाच्या रस्त्यांसाठी वयाऐवजी तीन गोष्टी बघायला सांगितल्या: मुलाचे पाय फूटरेस्टवर नीट टेकतात का, हात चालवणाऱ्याच्या कमरेभोवती पुरतात का, डोक्यावर हेल्मेट आहे का. मला ही कसोटी वयापेक्षा पटते, कारण पाय टेकत नसलेलं मूल खड्ड्यावर स्वतःला उचलू शकत नाही, पोत्यासारखं आपटतं. आमची मुलगी आता साडेसहाची आहे, पाय अजून अर्धेच टेकतात, म्हणून बंडी सुटलेली नाही.

लोंबते पाय हा वेगळाच धोका आहे. टाच चाकाच्या आऱ्यांमध्ये जाते, आणि ती जखम फार वाईट असते, कातडी सोलून हाडापर्यंत. डाव्या बाजूची साडीगार्ड कित्येक जण गाडी "छान दिसावी" म्हणून काढून टाकतात. ती परत लावून घ्या, नियमातही चाकाला ते झाकण सांगितलेलं आहे. उजव्या बाजूला बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो, तिथे उघडी पोटरी भाजते. चप्पल नको, पायात बंद बूट आणि अंगात लांब पँट.

नऊ महिन्यांच्या आतलं बाळ

त्याच्यासाठी हेल्मेटचा नियम नाही. याचा अर्थ त्याला हेल्मेट माफ आहे असा लोक घेतात. माझा अर्थ उलटा आहे: ज्याची मान हेल्मेट पेलत नाही, त्याला गाडीवर न्यायचंच नाही. तरीही दवाखान्यातून ओली बाळंतीण तीन दिवसांचं बाळ घेऊन दीर किंवा भावाच्या गाडीवर घरी जाताना मी दर महिन्याला बघते.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आई आणि बाळाला घरी सोडायला मोफत गाडी मिळते, 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती सोय आहे. नंबर 102. वर्षाच्या आतलं बाळ आजारी पडलं तरी दवाखान्यात न्यायला-आणायला ती मागता येते. आशाताईला आधीच सांगून ठेवा, सुट्टी मिळायच्या दिवशी सकाळीच दवाखान्यात विचारा. गाडी यायला तास-दोन तास लागले तरी थांबा.

पडलंच तर

लेकरू रडतंय, बाहेरून ठीक दिसतंय, तरी चोवीस तास लक्ष ठेवा. वारंवार उलटी, न उठणारी गुंगी, एक बाहुली मोठी आणि एक लहान, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं एकही दिसलं की 108 ला फोन. मान वाकडी करून उचलू नका, त्याला कडेवर घेऊन पुन्हा गाडीवर तर मुळीच बसवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायची घाई करू नका. दुसऱ्याच्या लेकराला मदत केली म्हणून पोलीस तुम्हाला अडकवतील ही भीती ठेवू नका, 2019 च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं आहे.

"पण ते घालूनच घेत नाही"

हा सगळ्यात खरा आक्षेप. पहिल्या दिवशी आमच्या मुलीने हेल्मेट अंगणात फेकलं. आम्ही गाडी काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने स्वतःचं हेल्मेट घालून ओट्यावर बसून चहा घेतला. त्याला पाहून तिने मागितलं. तिसऱ्या दिवशी ती ते घालून तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला अंगणभर ओढत होती. गाडी सुरू करायच्या आधी पट्ट्याचा "टक" आवाज आला पाहिजे, असं आम्ही ठरवलं आहे. आता तो आवाज आला नाही तर तीच मागून बापाच्या पाठीवर थाप मारते, "बाबा, तुमचं वाजलं नाही."